अपसॅम्पलर : आवाज सुधारणार की फक्त खर्च वाढणार?

अमरावती/अकोला : घरी उत्तम संगीतयंत्रणा असावी, ही हौस वऱ्हाडात नवी नाही. कविवर्य सुरेश भट यांचा जन्म १९३२ मध्ये अमरावतीत झाला. मराठी गझल गावोगावी पोहोचविणारे गायक भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीही याच जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून महाराष्ट्रभर घुमली. गाण्याच्या अशा वातावरणात वाढलेल्या अनेक घरांत रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी यांचा साठा आजही जपलेला आहे. निवृत्तीनंतर हाती थोडा पैसा आणि बराच वेळ आला, की हा साठा पुन्हा ऐकण्यासाठी चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले जातात. त्यानंतर एक दिवस जाहिरातीत किंवा एखाद्या जाणकार स्नेह्याच्या बोलण्यात 'अपसॅम्पलर' हा शब्द येतो. हे यंत्र जोडले की जुन्या सीडीचा आवाज उजळतो, असे सांगितले जाते.

काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत किंमत असलेले हे यंत्र खरोखर काय करते, कोणत्या श्रोत्याला त्याचा उपयोग होतो आणि तोच पैसा अन्यत्र अधिक उपयोगी पडेल काय, या प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वीच मिळवणे शहाणपणाचे ठरते.

दर तासाच्या तापमानाचे उदाहरण

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाची सलग लहर साठवली जात नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजून ते आकडे साठवले जातात. अशा प्रत्येक मोजणीला 'सॅम्पल', म्हणजे नमुना, म्हणतात. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक बाजूच्या आवाजाचे ४४ हजार १०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. अपसॅम्पलर हे यंत्र या नमुन्यांच्या मध्ये गणिताने नवे नमुने बसविते आणि त्यांची संख्या ८८.२, ९६, १७६.४ किंवा १९२ हजारांपर्यंत नेते. सीडी प्लेअर किंवा संगणकातून निघालेला डिजिटल संदेश आधी या यंत्रात जातो. तेथून तो 'डॅक'मध्ये, म्हणजे आकड्यांचे पुन्हा विद्युत लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्रात पोहोचतो.

हे समजण्यासाठी अकोल्यातील मे महिन्याच्या एखाद्या दिवसाचे उदाहरण घेता येईल. समजा, तापमान दर तासाला नोंदवले. एक वाजता ४२ अंश, दोन वाजता ४३ अंश, तीन वाजता साडेत्रेचाळीस. या नोंदी आलेखावर मांडून त्यांतून सफाईदार रेषा काढली, तर दीड वाजताचे तापमान त्या रेषेवरून वाचता येते. तापमान संथ गतीने बदलत असेल, तर ते वाचन अचूकही असते. मात्र त्यासाठी कोणी दीड वाजता तापमापक पाहिलेला नसतो. दीडच्या सुमारास पाच मिनिटांची वावटळ येऊन पारा क्षणभर उतरला असेल, तर ती गोष्ट नोंदवहीत नाही आणि कितीही बारीक आलेख काढला तरी ती त्यात उमटणार नाही.

अपसॅम्पलरचे कामही याच प्रकारचे आहे. तो उपलब्ध नोंदींवरून मधल्या जागा भरतो. मूळ ध्वनिमुद्रणात जे टिपलेच गेले नाही, ते तो परत आणू शकत नाही.

पायऱ्यांचा गैरसमज

सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि अपसॅम्पलर त्या पायऱ्या गुळगुळीत करतो, असे अनेकदा चित्र काढून दाखविले जाते. हे चित्र दिशाभूल करणारे आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये पाया घातलेला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो, की लहरीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर त्यांवरून मूळ लहर पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीवर त्यामुळे २२.०५ किलोहर्ट्झच्या खालचा सर्व ध्वनी मावतो. निरोगी तरुण कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास मानली जाते. पन्नाशीनंतर अनेकांना १२ ते १४ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही.

लहर पुन्हा उभी करण्यासाठी डॅकनंतर गाळणीची, म्हणजे फिल्टरची, गरज असते. नमुन्यांतून आवाज बाहेर काढताना २२ किलोहर्ट्झच्या वर मूळ ध्वनीच्या नको असलेल्या प्रतिकृती तयार होतात. त्या अडविल्या की पायऱ्याही उरत नाहीत. सीडीच्या बाबतीत अडचण एवढीच, की २० किलोहर्ट्झपर्यंत सर्व काही जाऊ द्यायचे आणि त्यानंतर लगेच सर्व काही अडवायचे, असे कड्यासारखे तुटलेले फिल्टर केवळ विद्युत सुट्या भागांतून बनविणे कठीण असते. नमुन्यांची संख्या आधीच वाढविली, तर या प्रतिकृती खूप वर सरकतात आणि शेवटचा विद्युत फिल्टर सौम्य उताराचा ठेवता येतो. अपसॅम्पलिंगमागील खरा अभियांत्रिकी लाभ हाच आहे.

हे काम प्लेअरमध्ये आधीच होते

हा लाभ मिळविण्यासाठी वेगळे यंत्र घ्यावेच लागते, असे मात्र नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. सीडीच्या निर्मितीतील दुसरी भागीदार कंपनी फिलिप्स हिने आपल्या पहिल्याच पिढीतील प्लेअरमध्ये १४ बिटचा डॅक वापरला आणि नमुन्यांची संख्या चौपट, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झ केली. त्या तंत्राला 'ओव्हरसॅम्पलिंग' असे नाव होते. गणिताच्या दृष्टीने ओव्हरसॅम्पलिंग आणि अपसॅम्पलिंग यांत मूलभूत भेद नाही. पहिले डॅकच्या आत होते, तर दुसरे बहुधा त्याच्या आधी, स्वतंत्र पेटीत.

'अपसॅम्पलिंग' हा शब्द हौशी श्रोत्यांत रुजला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. ब्रिटनमधील केंब्रिजच्या डीसीएस कंपनीची यंत्रे त्या काळात गाजली. पुढे २०१८ मध्ये कॉर्ड या ब्रिटिश कंपनीने ह्यूगो एम स्केलर बाजारात आणला. दहा लाखांहून अधिक गुणकांचा फिल्टर वापरून सीडीचे नमुने १६ पट, म्हणजे ७०५.६ किलोहर्ट्झपर्यंत नेणे, हे त्याचे वैशिष्ट्य. गणित म्हणून हे काम थोर आहे. परंतु साध्या घरगुती डॅकमधील आजच्या चिपही बहुधा आठपट ओव्हरसॅम्पलिंग करतात आणि त्यांचे फिल्टर श्राव्य कक्षेत बरेच चोख असतात. अशा डॅकच्या आधी आणखी एक पेटी जोडली, तर झालेले काम पुन्हा करण्यासाठीच पैसे मोजले जातात.

मग फरक का जाणवतो?

यंत्र जोडल्यावर आवाज बदलला, असे सांगणारे श्रोते खोटे बोलतात असे नव्हे. फरक जाणवण्याची काही खरी कारणे आहेत. जुन्या प्लेअरमधून येणाऱ्या डिजिटल संदेशाची वेळ किंचित पुढेमागे होत असेल, तर काही अपसॅम्पलर तो स्वतःच्या घड्याळानुसार पुन्हा मांडतात. काही शौकीन फिल्टरच नसलेले डॅक पसंत करतात. अशा डॅकमध्ये सीडी लावल्यास २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. त्याआधी अपसॅम्पलर जोडला तर ती घट बरीचशी भरून निघते. येथे मोजता येण्यासारखा फरक पडतो.

दुसरे कारण आवाजाच्या पातळीचे आहे. दोन आवाजांत एक अगदी किंचित मोठा असला, तर तो 'मोठा' न वाटता 'अधिक स्वच्छ', 'अधिक मोकळा' वाटतो, हा ध्वनिक्षेत्रातील जुना अनुभव आहे. नवे यंत्र अर्ध्या डेसिबलने आवाज वाढवीत असेल, तर श्रोत्याची पसंती तेवढ्यानेही बदलू शकते. तिसरे कारण अपेक्षेचे. मोठी रक्कम खर्चून आणलेल्या यंत्राकडून कान चांगल्याचीच अपेक्षा करतात.

म्हणूनच कोणते यंत्र चालू आहे हे श्रोत्याला न सांगता घेतलेल्या चाचण्यांना महत्त्व आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये अमेरिकेत अशी चाचणी प्रसिद्ध केली. सीडीहून वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचे आणि नंतर तेच सीडीच्या दर्जातून उतरवून ऐकवायचे, अशी तिची रचना होती. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे जवळपास नाणेफेक. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. फरक असलाच तर तो अत्यंत बारीक आहे, असे हे आकडे सांगतात. शिवाय हे प्रयोग मुळात वरच्या दर्जाने टिपलेल्या ध्वनीचे होते. सीडीवरून फुगविलेल्या ध्वनीकडे तर ती अधिकची माहितीही नसते.

कूलर, फरशी आणि विजेचा दाब

वऱ्हाडातील श्रोत्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अकोला आणि अमरावती येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. मार्चअखेरपासून पाऊस स्थिरावेपर्यंत घरोघरी कूलर चालू असतात. कूलर लावलेल्या खोलीत ५५ ते ६० डेसिबलची घरघर सहज असते. गाण्याचा सर्वांत मोठा आवाज ९५ डेसिबल धरला, तरी घरघरीच्या वर ३५ ते ४० डेसिबलचीच कक्षा शिल्लक राहते. सीडीचे १६ बिट सुमारे ९६ डेसिबलची कक्षा देतात. वर्षातील तीन-चार महिने ज्या खोलीत सीडीची निम्मी कक्षाही वापरली जात नाही, तेथे '२४ बिट'चा दिवा लागल्याने कानाला काय मिळणार, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तानपुऱ्याची आस ऐकायची असेल, तर पहाटे कूलर बंद करून ऐकणे हा बिनखर्चाचा उपाय अधिक परिणामकारक ठरतो.

खोलीची रचनाही तितकीच महत्त्वाची. टाइल्सची फरशी, प्लास्टर केलेल्या भिंती आणि काँक्रीटचे छत यांवरून आवाज उसळतो आणि शब्दांवर शब्द चढतात. जाड सतरंजी, गादी-तक्क्ये, जड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट एवढ्यानेही हा दोष बराच कमी होतो. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणणे, दोन्हींचे श्रोत्यापासूनचे अंतर समान ठेवणे आणि त्यांची उंची कानाच्या पातळीला आणणे, यासाठी तर काहीच खर्च येत नाही. हे बदल कोणालाही डोळे मिटून ओळखता येतील इतके स्पष्ट असतात.

विजेच्या दाबातील चढउतार आणि उष्णता हे यंत्राचे शत्रू आहेत. यंत्रातील कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. बंद काचेच्या कपाटात एकावर एक रचलेल्या यंत्रांत आणखी एका गरम पेटीची भर घालण्यापूर्वी हवा खेळण्यास जागा आणि चांगला स्टॅबिलायझर यांची तरतूद करावी. परदेशी बनावटीचे यंत्र बिघडले, तर ते दुरुस्तीसाठी बहुधा मुंबई-पुण्याकडे पाठवावे लागते. अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर आहे. वाहतुकीचा हा खर्च आणि जोखीमही किमतीतच धरली पाहिजे.

खरेदीपूर्वी घरीच चाचणी

अपसॅम्पलिंग आपल्या कानाला जाणवते काय, हे पाहण्यासाठी आधी यंत्र घेण्याची गरज नाही. फूबार२००० यांसारखी संगणकावरील मोफत प्रणाली तेच काम करते आणि सॉक्स या मोफत साधनाचे नमुना-रूपांतर उत्तम प्रतीचे आहे. घरातील संगणक यूएसबीने डॅकला जोडावा आणि परिचयाच्या सीडीतील एक मिनिटाचा भाग निवडावा. त्याची एक प्रत ४४.१ किलोहर्ट्झची ठेवावी, दुसरी ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झची करावी. खंजिरी, झांज, टाळ किंवा घुंगरू असलेला भाग या चाचणीला योग्य, कारण उंच स्वरांतील फरक त्यांतच आधी कळतो.

पुढे घरातील एखाद्या व्यक्तीने नाणे उडवून, श्रोत्याला न सांगता, दोहोंपैकी एक प्रत लावावी. १६ वेळा असे करावे आणि प्रत्येक वेळी श्रोत्याने उत्तर कागदावर लिहावे. १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर तो निव्वळ अंदाज असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. आठ-नऊ बरोबर आली, तर कानाला फरक कळलेला नाही, असे प्रांजळपणे मान्य करावे. दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी हवी. स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून, चाचणीचा एकच सूर वाजवून, व्होल्टेजमधील फरक एक टक्क्याच्या आत असल्याची खात्री करता येते.

या चाचणीत स्पष्ट फरक ओळखू आला, तर अपसॅम्पलरचा विचार करण्यास आधार मिळतो. त्यापूर्वी आपल्या सीडी प्लेअरला कोअॅक्सिअल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट आहे काय, वेगळा डॅक आहे काय आणि तो वाढीव नमुनादर स्वीकारतो काय, हे तपासावे. केवळ अॅनालॉग आउटपुट असलेल्या प्लेअरला हे यंत्र जोडताच येत नाही. आणि डॅकच पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल, तर त्याच्याआधी पेटी जोडण्यापेक्षा डॅक बदलणे बहुधा स्वस्त आणि अधिक लाभाचे ठरते.

साठ्यात काय आहे, तेही पाहावे

यंत्राचा निर्णय घेताना साठ्यातील ध्वनिमुद्रणे कोणत्या काळातील आहेत, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. बालगंधर्वांच्या काळातील ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवरून तयार केलेल्या सीडीत मुळातच उंच स्वर फार थोडे असतात. १९२५ नंतर विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले, तरी त्या काळातील तबकड्यांवर साधारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसे काही टिपले जात नसे. सीडीची २२ किलोहर्ट्झची मर्यादाही त्यांच्यासाठी चौपट मोठी आहे. अशा ध्वनिमुद्रणांना अपसॅम्पलर काही देऊ शकत नाही.

याउलट, ज्या माहितीची आज खरोखर हानी होत आहे ती कॅसेटमध्ये आहे. अनेक घरांत गावातील भजनी मंडळांची, खासगी मैफलींची आणि दिवंगत आप्तांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे कॅसेटवरच आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. उन्हाळ्यातील उष्णता आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे फितीवर बुरशी येते, फीत ताणली जाते आणि आवाज मंदावतो. चालू स्थितीतील कॅसेट प्लेअरही दुर्मिळ होत आहेत. या कॅसेट संगणकावर उतरविताना मात्र वरचा दर्जा वापरणे सयुक्तिक आहे, कारण तेथे नमुने मूळ ध्वनीचे घेतले जातात. ध्वनिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनेही जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हा दर्जा सुचविला आहे. या दर्जाने साठ मिनिटांची कॅसेट सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. म्हणजे एक टेराबाइटच्या एका डिस्कवर नऊशेहून अधिक कॅसेट मावतात. उतरविण्यापूर्वी प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, त्याचा कल फितीनुसार जुळवून घ्यावा आणि तयार झालेल्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

घ्यायचाच झाला तर

सर्व विचारांती अपसॅम्पलर घेण्याचे ठरले, तर परत करण्याची मुदत आणि अटी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. आवाजात अपेक्षित फरक पडला नाही, हा कायद्याच्या दृष्टीने वस्तूतील दोष ठरेलच असे नाही, त्यामुळे ही लेखी मुदत महत्त्वाची. यंत्र सदोष निघाले, तर २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा किंवा ऑनलाइन असला, तरी अमरावती-अकोल्याच्या ग्राहकाला तेथे जाण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्कही नाही.

खर्चाचा क्रम लावायचा झाल्यास तो असा लागतो. प्रथम खोली आणि स्पीकरची जागा, मग स्टॅबिलायझर, त्यानंतर चांगले स्पीकर, जुना असल्यास डॅक आणि या सर्वांनंतर अपसॅम्पलर. कॅसेटचे जतन मात्र या रांगेत उभे करता येणार नाही. अपसॅम्पलर पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल आणि कदाचित स्वस्तही होईल. कपाटातील फीत मात्र आणखी एक उन्हाळा तग धरेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.